शेअरपॉइंट डिझायनर: वापरणाऱ्यांची मते, आक्षेप आणि पुढची वाट

धागाकर्ती: यादीपालक

ज्या कार्यालयांत अंतर्गत कामकाजासाठी शेअरपॉइंटची (याद्या, फाइल आणि पाने एकत्र ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची) साइट वापरली जाते, तिथे त्या साइटची पाने आणि कामाचे नियम घडवण्याच्या शेअरपॉइंट डिझायनर या साधनाबद्दल मत नसलेला माणूस क्वचितच सापडतो. काहींच्या मते मंजुरीचे कागदी काम संगणकावर आणण्याचे खरे श्रेय याच साधनाला जाते. काहींच्या मते आज जो गुंता सोडवत बसावे लागते, तो याच साधनाने घालून ठेवला. त्याच्या समाप्तीच्या तारखा जाहीर झालेल्या आहेत. त्यामुळे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांची मते एका ठिकाणी यावीत, या हेतूने हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मायक्रोसॉफ्टने १९९६ साली व्हर्मीअर टेक्नॉलॉजीज ही कंपनी विकत घेतली आणि तिचे फ्रंटपेज हे वेबपाने तयार करण्याचे साधन आपल्या ताफ्यात आणले. फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती २००३ ची. त्यानंतर त्या एका साधनाची दोन झाली: सर्वसाधारण संकेतस्थळांसाठी एक्स्प्रेशन वेब आणि शेअरपॉइंटच्या साइटसाठी शेअरपॉइंट डिझायनर २००७. सुरुवातीला ते विकत घ्यावे लागे. २००९ साली ते मोफत झाले. पुढे २०१० आणि २०१३ अशा आणखी दोन आवृत्त्या आल्या आणि २०१३ ची शेवटची ठरली. शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांच्यासोबतही तीच वापरावी लागते. तिला १४ जुलै २०२६ पर्यंतच कंपनीचे पाठबळ आहे. शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे शेअरपॉइंटच्या क्लाउड सेवेवर, २०१० पद्धतीचे वर्कफ्लो (ठरलेल्या नियमांनुसार आपोआप पुढे सरकणारे काम) नोव्हेंबर २०२० पासून बंद करण्यात आले आणि २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोंसाठी २ एप्रिल २०२६ ही शेवटची तारीख ठरवण्यात आली.

माझे मत आधीच मांडते, म्हणजे चर्चेला धरबंद राहील. या साधनाचे मोठेपण त्याच्या तांत्रिक ताकदीत नव्हते. ज्या माणसाला कामाचा नियम माहीत आहे त्याच माणसाच्या हाती तो नियम लिहिण्याची सोय त्याने दिली, हे त्याचे मोठेपण. रजेच्या अर्जाचे उदाहरण घ्या. वर्कफ्लोच्या पडद्यावर नियम साध्या वाक्यासारखा उमटतो: ‘जर चालू नोंदीतील दिवस हे मूल्य ३ पेक्षा जास्त असेल तर’. या वाक्यातील ‘मूल्य’ आणि ‘३’ हे शब्द अधोरेखित असतात. त्यांवर क्लिक केले की कोणता कॉलम तपासायचा आणि कोणत्या आकड्याशी तुलना करायची ते निवडता येते. त्याखाली ‘विभागप्रमुखांना काम सोपवा’, ‘ईमेल पाठवा’, ‘स्थितीचा कॉलम बदला’ अशा कृती एकाखाली एक लावायच्या आणि प्रकाशित करायचे. आस्थापना विभागातील एखाद्या अनुभवी लिपिकाला हे वाचून दाखवले, तर नियम बरोबर आहे की नाही हे तो तिथल्या तिथे सांगू शकतो. प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड त्याला असा वाचता आला नसता. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, आणि या साधनाच्या जागी जे काही येईल त्याची पारख याच एका कसोटीवर व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. शक्यतो केवळ ‘चांगले होते’ किंवा ‘वाईट होते’ असे न लिहिता नेमके काय जमले आणि कुठे अडले ते लिहावे.


सर्व्हररक्षक

धागाकर्तीने मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर चित्र बरेच वेगळे दिसते, आणि ते इथे नोंदवले गेले पाहिजे.

पहिली गोष्ट साइटच्या पानांची. शेअरपॉइंटची मूळ पाने सर्व्हरच्या डिस्कवर एकाच ठिकाणी असतात आणि सगळ्या साइट तीच पाने वापरतात. डिझायनरमधून एखादे पान उघडून त्यात बदल करून जतन केले, की त्या पानाची वेगळी प्रत डेटाबेसमध्ये तयार होते आणि त्या क्षणापासून ते पान मूळ साच्यापासून तुटते. पुढे मूळ पानात कोणतीही सुधारणा झाली, तरी ती या तुटलेल्या पानापर्यंत पोहोचत नाही. एका साइटवर असे एखादेच पान असेल तर ते सांभाळता येते; परंतु प्रत्येक विभागाने आपापल्या हौसेने मास्टर पेज (सगळ्या पानांची सामाईक चौकट ठरवणारे पान) बदलले असेल, तर नव्या आवृत्तीकडे जाताना प्रत्येक साइट उघडून पाहावी लागते. पान पुन्हा मूळ स्वरूपात आणण्याची सोय डिझायनरमध्ये आहे, पण तसे करताना विभागाने केलेली सगळी सजावट जाते आणि मग तक्रारी आमच्याकडे येतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या साधनात केलेले काम थेट चालू साइटवर होते. चाचणीची वेगळी जागा ठेवायची म्हटले तरी एखाद्या यादीला जोडलेला वर्कफ्लो त्या यादीच्या अंतर्गत ओळखक्रमांकाला बांधलेला असतो, त्यामुळे तो चाचणीच्या साइटवरून उचलून मुख्य साइटवर जसाच्या तसा ठेवता येत नाही. २०१० च्या आवृत्तीत पुन्हा वापरता येणाऱ्या वर्कफ्लोची सोय आली आणि तो साच्याच्या रूपात बाहेर काढता येऊ लागला, तरी बहुतेक विभागांनी सोपा मार्ग म्हणून यादीचे वर्कफ्लोच बनवले. परिणामी प्रयोगशाळा आणि कारखाना एकाच खोलीत, अशी अवस्था झाली.

मायक्रोसॉफ्टनेही हा धोका ओळखला होता, असे म्हणायला जागा आहे. २०१० पासून साइट संग्रहाच्या (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या साइटच्या गटाच्या) प्रशासकाला डिझायनरचा वापर पूर्ण बंद करण्याची, पाने मूळ साच्यापासून तोडण्यास मनाई करण्याची, मास्टर पेज बदलू न देण्याची आणि साइटची फाइलरचना लपवण्याची अशा वेगवेगळ्या सोयी देण्यात आल्या. माझे मत असे की पहिली सोय वापरू नये आणि बाकीच्या तीन कटाक्षाने वापराव्यात. वर्कफ्लो विभागांना लिहू द्यावेत; पानांना हात लावू देऊ नये.


मांडणीकार

सर्व्हररक्षक यांनी पानांच्या सजावटीला ‘हौस’ म्हटले आहे. त्यावर नम्र पण स्पष्ट असहमती.

यादीतील माहिती कशी दिसते, यावर ती वापरली जाते की नाही हे अवलंबून असते. डिझायनरच्या २००७ आणि २०१० च्या आवृत्त्यांत डेटा व्ह्यू वेब पार्ट नावाचा जो भाग होता, त्याच्या आधारे दोन याद्या एकत्र जोडून दाखवणे, मुदत उलटलेल्या नोंदीला लाल रंग देणे, ठरावीक स्थितीतील ओळी लपवणे ही कामे कोडची एक ओळही न लिहिता करता येत. पडद्यावर प्रत्यक्ष पान दिसे, त्यातील ओळ निवडायची, अट सांगायची आणि रंग द्यायचा. मागे एक्सएसएलटीचा (माहितीला रूप देणाऱ्या कोडच्या भाषेचा) बराच लांबलचक मजकूर तयार होई, परंतु तो वाचण्याची गरज क्वचित पडे. देखभालीच्या कामांची यादी अशा रंगांत दिसू लागल्यावर थकलेली कामे कोणती, हे विचारण्यासाठी वेगळी बैठक घ्यावी लागत नसे.

२०१३ च्या आवृत्तीत हा दृश्य संपादनाचा भागच काढून टाकण्यात आला आणि पानांसाठी फक्त कोडचा पडदा उरला. माझ्या दृष्टीने डिझायनरचा शेवट त्या वर्षीच झाला. पुढची सगळी वर्षे ते फक्त वर्कफ्लोचे साधन म्हणून जगले. जे लोक पाहून पाहून शिकले होते, त्यांच्या हातातून ते गेले आणि ज्यांना कोड येत होता त्यांना त्याची गरज नव्हती.

शेअरपॉइंटच्या आधुनिक पानांवर मास्टर पेजची ही पद्धत चालतच नाही. तिथे कॉलमला जेसन (JSON) या रचनेतील मजकुराने रंगरूप देता येते आणि मोठ्या बदलांसाठी शेअरपॉइंट फ्रेमवर्क हे विकासकांसाठीचे साधन वापरावे लागते. जेसनची पद्धत मी वापरतो आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही: मूळ पान तुटत नाही, मजकूर एका यादीतून दुसऱ्या यादीत सहज नेता येतो आणि सोप्या अटींसाठी आता ब्राउझरमध्येच रंग निवडण्याची सोय आहे. परंतु दोन याद्या जोडून एकत्र दाखवण्याचे जे काम पूर्वी विभागातला माणूस अर्ध्या दिवसात करत असे, त्यासाठी आज विकासकाकडे जावे लागते, ही वस्तुस्थिती आहे.


अर्जविभाग

मी तांत्रिक क्षेत्रातली नाही. एका मोठ्या कार्यालयात अर्ज, मंजुऱ्या आणि पत्रव्यवहार सांभाळते. आमच्याकडे डिझायनरवर केलेले बरेच वर्कफ्लो होते आणि ते कसे चालतात यापेक्षा ते कुठे थांबतात, याचा अनुभव मला जास्त आहे.

एक प्रसंग मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण त्यातून धागाकर्तीच्या मुद्द्याची दुसरी बाजू दिसते. आमच्याकडील एका मंजुरीच्या वर्कफ्लोत अर्जदाराला ज्या यादीत लिहिण्याची परवानगी नव्हती त्या यादीत नोंद करायची होती. २०१० पद्धतीचा वर्कफ्लो सहसा तो सुरू करणाऱ्याच्या परवानगीने चालतो, त्यामुळे हे काम अडत होते. त्यावर उपाय म्हणून ज्या सहकाऱ्याने तो बनवला, त्याने त्यात असा टप्पा घातला की ज्यातील कृती वर्कफ्लो प्रकाशित करणाऱ्याच्या परवानगीने होतात. अनेक वर्षे सगळे सुरळीत चालले. तो सहकारी नोकरी सोडून गेला, नियमाप्रमाणे त्याचे खाते बंद झाले आणि त्या टप्प्यावर अर्ज अडकू लागले. अर्जदाराला ‘अर्ज मिळाला’ असा ईमेल जाई, विभागप्रमुखांची मंजुरीही होई, परंतु नोंदवहीच्या यादीत काहीच येत नसे. वर्कफ्लोच्या स्थितीत फक्त ‘त्रुटी आली’ असे दिसे.

कारण शोधायला वेळ लागला, कारण तो टप्पा तिथे आहे हेच आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. वर्कफ्लोच्या वाटचालीच्या नोंदी जिथे राहतात ती इतिहासाची यादी उघडून पाहिली तर त्यात फारसे काही नव्हते. वर्कफ्लोमध्ये इतिहासात नोंद करण्याची कृती असते, परंतु बनवणाऱ्याने ती घातली तरच तिचा उपयोग. शिवाय पूर्ण झालेल्या वर्कफ्लोंचा अर्जाशी असलेला दुवा ६० दिवसांनी आपोआप काढून टाकला जातो, हे आम्हाला तेव्हाच कळले. कोणी, कधी मंजुरी दिली हे जुन्या अर्जावरून थेट पाहता येत नाही, ही गोष्ट मंजुऱ्यांचे काम करणाऱ्या विभागासाठी किरकोळ नाही.

नियम माहीत असणाऱ्याच्या हाती साधन असावे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. परंतु तो माणूस गेल्यावर नियम कुठे राहतो, याचे उत्तर या साधनाने दिले नाही. तो वर्कफ्लोत असतो हे खरे, पण वर्कफ्लो उघडून वाचायला डिझायनर लागते, ते संगणकावर बसवलेले असावे लागते, परवानगी असावी लागते. आणि आमच्या विभागात ते एकाच संगणकावर होते.


प्रवाही

आमचा बहुतेक सगळा कारभार आता पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या नव्या वर्कफ्लो-साधनावर आला आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो. (ज्यांना जुने नाव ठाऊक असेल त्यांच्यासाठी: २०१६ साली आलेले मायक्रोसॉफ्ट फ्लो तेच हे, २०१९ मध्ये नाव बदलले.)

अर्जविभाग यांनी सांगितलेली अडचण नव्या साधनात बरीच कमी झाली आहे. फ्लो, म्हणजे त्यातला वर्कफ्लो, ब्राउझरमध्येच उघडतो. प्रत्येक वेळी तो चालला की प्रत्येक टप्प्यात कोणती माहिती आत गेली, कोणती बाहेर आली आणि कुठे अडले हे एकेक टप्पा उघडून पाहता येते. डिझायनरमध्ये ‘त्रुटी आली’ यापलीकडे हाती काही लागत नसे, त्या तुलनेत हा बदल फार मोठा आहे. आणि शेअरपॉइंटच्या बाहेरच्या सेवा जोडता येतात, त्यामुळे मंजुरीची विनंती टीम्समध्ये जाते आणि अधिकारी तिथूनच उत्तर देतात.

मात्र तीन ठिकाणी डिझायनरची सवय असलेला माणूस हमखास अडखळतो आणि ती आधी समजून घेतलेली बरी.

सर्वात मोठी अडचण मुदतीची आहे. पॉवर ऑटोमेटमधील फ्लो एकदा सुरू झाला की जास्तीत जास्त ३० दिवस चालू शकतो. त्यानंतर मंजुरीची वाट पाहत असला तरी तो तिथेच संपतो. डिझायनरचा वर्कफ्लो महिनोन्‌महिने एखाद्या तारखेची किंवा कॉलममधील बदलाची वाट पाहत थांबू शकत असे, आणि करारांचे नूतनीकरण, परीविक्षा कालावधीची समाप्ती, वार्षिक तपासणी अशी कामे नेमकी तशीच असतात. अशा कामांचे जुने वर्कफ्लो टप्प्याला टप्पा जोडून नव्या साधनात उतरवले, तर सुरुवातीला सगळे बरोबर चालल्यासारखे वाटते आणि महिन्याभराने एकेक प्रकरण गुपचूप बंद पडू लागते. त्यातच फ्लो चालल्याचा तपशील २८ दिवसच जतन राहतो, म्हणजे लक्षात येईपर्यंत पुरावाही गेलेला असतो. यावर खरा उपाय म्हणजे वाट पाहण्याचे काम फ्लोकडे न देता यादीकडे द्यावे. नोंदीत स्थिती आणि पुढील तारीख असे दोन कॉलम ठेवावेत. रोज ठरावीक वेळी चालणाऱ्या एका छोट्या फ्लोने त्या दिवशीच्या तारखेच्या नोंदी शोधाव्यात, आठवण पाठवावी किंवा स्थिती पुढे सरकवावी आणि संपावे. कोणताही फ्लो काही मिनिटांपेक्षा जास्त जिवंत राहता कामा नये, हा नियम आम्ही पाळतो. यात आणखी एक फायदा आहे, तो असा की प्रकरण कुठे आहे हे पाहायला फ्लो उघडावाच लागत नाही. यादीतच ते सगळ्यांना दिसते.

दुसरी अडचण परवान्याची. डिझायनरच्या २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोत बाहेरच्या वेबसेवेला हाक मारण्याची कृती होती आणि तिच्यासाठी वेगळा खर्च नव्हता. पॉवर ऑटोमेटमध्ये तीच कृती वाढीव परवान्याखाली येते. शेअरपॉइंटलाच विनंती पाठवण्याची कृती मात्र सामान्य परवान्यात मिळते, त्यामुळे जुन्या वर्कफ्लोतील हाक नेमकी कोणाला होती, हे आधी तपासावे.

तिसरी, स्वतःलाच पुन्हा सुरू करणाऱ्या फ्लोची. ‘नोंद बदलली की सुरू हो’ असे सांगितलेल्या फ्लोने तीच नोंद बदलली, की तो पुन्हा सुरू होतो. सुरू होण्याच्या ठिकाणीच अट घालून हे थांबवता येते, पण तसे करणे लक्षात राहिले पाहिजे.


तळटीप

एक छोटी शंका. आमची संस्था क्लाउडवर गेलेली नाही. सर्व्हर आमच्याच इमारतीत आहे. आमच्यासाठीही हे सगळे बंदच होणार का?


सर्व्हररक्षक

तळटीप यांच्यासाठी: दोन पद्धतींतला फरक लक्षात घ्यावा. २०१० पद्धतीचे वर्कफ्लो शेअरपॉइंटच्या आतच चालतात. २०१३ पद्धतीच्या वर्कफ्लोंसाठी वर्कफ्लो मॅनेजर हे वेगळे सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवावे लागते. ते नसेल तर डिझायनरमध्ये वर्कफ्लो बनवताना २०१३ चा पर्यायच दिसत नाही. त्याच्या जागी २०२२ मध्ये शेअरपॉइंट वर्कफ्लो मॅनेजर या नावाची नवी आवृत्ती आली, आणि स्वतःच्या सर्व्हरवर राहणाऱ्यांनी जुनी काढून तीच बसवावी. ऑनलाइन सेवेतील बंदची तारीख आपल्या सर्व्हरला लागू होत नाही. परंतु शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांचेही पाठबळ १४ जुलै २०२६ पर्यंतच आहे. त्या दिवशी काही आपोआप बंद पडणार नाही, पण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे थांबेल. माझा सल्ला असा की नवा वर्कफ्लो आता डिझायनरमध्ये बनवूच नये.


धागाकर्ती: यादीपालक

सर्वांचे मनापासून आभार. अर्जविभाग यांनी विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर विचार करून लिहीत आहे.

माणूस गेल्यावर नियम कुठे राहतो? माझे उत्तर असे आहे की तो कोणत्याही साधनात राहू नये. साधनात त्याची अंमलबजावणी असावी. नियम स्वतः साध्या मराठीत, विभागातल्या सगळ्यांना वाचता येईल अशा एका पानावर असावा आणि त्या पानावर विभागप्रमुखांची सही असावी. डिझायनरमधील वर्कफ्लो वाक्यासारखा वाचता येत असल्यामुळेच तो वेगळा लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, हे मला आता प्रकर्षाने जाणवते. पॉवर ऑटोमेटमधील चौकटी आणि सूत्रे तशी वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे ही गरज अधिकच आहे.

स्थलांतराबद्दल बोलायचे तर, कुठे कुठे वर्कफ्लो आहेत याची यादी काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे तपासणी साधन उपलब्ध आहे, आणि शेअरपॉइंट मायग्रेशन टूलमध्ये वर्कफ्लो पॉवर ऑटोमेटमध्ये नेण्याची सोयही आहे. पहिले जरूर वापरावे. दुसऱ्याचा वापर मात्र सरसकट करू नये. जुना वर्कफ्लो जसाच्या तसा नेला, तर त्यातले मेलेले नियमही नव्या जागी जातात. पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या अधिकाऱ्याने मागितलेली जादा मंजुरी, बंद झालेल्या विभागाला जाणारी प्रत, कोणीही न वाचणारा आठवणीचा ईमेल, हे सगळे वर्कफ्लोत मुकाट्याने चालत राहते, कारण त्याचा त्रास कोणाला होत नाही. अशी एक अट मी एका खरेदी मागणीच्या वर्कफ्लोत पाहिली: मागणी एका विशिष्ट प्रकारची असेल तर ती आणखी एका टेबलावर जाई. तो प्रकार निवडण्याची सोय अर्जाच्या पडद्यावरून केव्हाच काढून टाकलेली होती, परंतु वर्कफ्लोमध्ये ती अट, तो टप्पा आणि त्याचा ईमेल शाबूत होता. यांत्रिक स्थलांतराने तो टप्पाही इमानेइतबारे पुढे नेला असता.

म्हणून मी सुचवीन की प्रत्येक वर्कफ्लो डिझायनरमध्ये उघडावा, त्याच्या सर्व टप्प्यांची पडद्यावरून छायाचित्रे घ्यावीत आणि ज्यांचे ते काम आहे त्यांच्यासमोर बसून एकेक अट वाचावी. ‘हे आजही लागू आहे का?’ एवढा एकच प्रश्न प्रत्येक अटीला विचारावा. या बैठकीला तंत्रज्ञाने यावे, पण बोलावे विभागाने. हे काम डिझायनर चालू असेपर्यंतच नीट होते. ते बंद झाल्यावर उरतात त्या झॅमलच्या (XAML या कोडच्या भाषेतील) फाइल, आणि त्या लिपिकाला वाचून दाखवता येत नाहीत.

मांडणीकार यांची खंत मला समजते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.


अर्जविभाग

धागाकर्तीचा बैठकीचा मार्ग आम्ही आता अवलंबणार आहोत. एक भर घालते: त्या बैठकीत ‘हा टप्पा कोणाच्या परवानगीने चालतो?’ हा प्रश्नही विचारावा. पॉवर ऑटोमेटमध्ये तरी हा प्रश्न सुटलेला आहे का, हे प्रवाही यांनी सांगितले तर बरे होईल.


प्रवाही

पूर्ण सुटलेला नाही. फ्लोमधील प्रत्येक जोडणी (एखाद्या सेवेशी असलेला दुवा) कोणाच्या ना कोणाच्या खात्यावर चालते आणि ते खाते बंद झाले की जोडणीही निकामी होते. फरक एवढाच की कोणती जोडणी कोणाच्या नावावर आहे हे पडद्यावर स्पष्ट दिसते आणि फ्लोला एकापेक्षा जास्त मालक ठेवता येतात. मालक दोन ठेवले तरी जोडणी एकाच्याच खात्यावर राहू शकते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासावे. कायमस्वरूपी कामांसाठी कोणा व्यक्तीचे नसलेले, विभागाचे असे खाते वापरावे, आणि त्या खात्याचा पासवर्ड व परवाना यांची जबाबदारी लेखी कोणाकडे तरी असावी.


सर्व्हररक्षक

विभागाच्या खात्याला माझी संमती आहे, एका अटीवर: त्या खात्याला फक्त त्याच याद्यांवर अधिकार असावेत ज्यांवर त्याचे फ्लो चालतात. सगळ्या साइटचा पूर्ण अधिकार असलेले एकच खाते सगळीकडे वापरणे ही सोय वाटते, परंतु मग अर्जदाराला ज्या यादीत लिहिता येऊ नये त्या यादीत तो फ्लोच्या मार्गाने हवे ते लिहू शकतो.

स्थलांतराच्या दिवसाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून ते लिहितो. ज्या वेळी जुना वर्कफ्लो बंद करून नवा सुरू करायचा, त्या वेळी काही अर्ज मध्यावर असतात: एक सही झालेली, दुसरी बाकी. हे अर्ज नव्या फ्लोमध्ये त्याच टप्प्यावर आपोआप येत नाहीत. यासाठी आधी यादीच्या वर्कफ्लो सेटिंगमधून जुन्या वर्कफ्लोवर ‘नवे अर्ज घेऊ नये’ असा पर्याय लावावा. चालू असलेले अर्ज जुन्याच मार्गाने पूर्ण होऊ द्यावेत आणि नवे अर्ज नव्या फ्लोकडे जावेत. काही दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालतील, म्हणून दोन्हींच्या ईमेलचे विषय वेगळे ठेवावेत. नाहीतर अधिकारी जुन्या अर्जाचा दुवा समजून नव्यावर सही करतात. जे अर्ज शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण होणार नाहीत, त्यांची यादी विभागाने हाताने करावी, त्यावर झालेल्या मंजुऱ्या तारखेसह नोंदीच्या कॉलममध्ये लिहाव्यात आणि उरलेल्या टप्प्यापासून त्यांना नव्या फ्लोमध्ये घालावे. कामांची आणि इतिहासाची जुनी यादी मात्र कोणीही पुसू नये. ती एक्सेलमध्ये उतरवून विभागाच्या अभिलेखांत ठेवावी, कारण मंजुरी कोणी दिली हे विचारणारा तपासनीस वर्कफ्लो बंद झाल्यानंतर काही वर्षांनीसुद्धा येऊ शकतो.